फट किती आली?

बाई नकाशा बघतच नसत. विद्यार्थी ड्रॉइंग शीट घेऊन टेबलाशी आला की त्या सुरुवातीच्या बिंदूवर अंगठ्याचं नख टेकवत आणि विचारत, "फट किती आली?"

त्याने रंगवलेली झाडं, वळणदार अक्षरातलं शीर्षक, कोपऱ्यातला उत्तरेचा बाण, हे सगळं नंतर. आधी फट. एखाद्याने उत्साहाने सांगितलं, "मॅम, झिरो! एकदम परफेक्ट जुळलंय," तर नख तिथंच ठेवून म्हणत, "असं? मग घरी बसून केलंय. घेऊन जा."

हे नीट कळायला भूगोलाच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. थोडक्यात सांगतो, कंटाळू नका. होकायंत्र आणि टेप घेऊन एखाद्या जागेभोवती फिरायचं. पहिल्या खुणेवरून दुसरी कुठल्या दिशेला आणि किती लांब, दुसरीवरून तिसरी कुठे, असं करत पुन्हा पहिल्या खुणेवर यायचं. मग ते सगळं कागदावर काढायचं. जमिनीवर तुम्ही निघालात तिथंच परत आलेले असता. कागदावर मात्र शेवटची रेघ पहिल्या बिंदूला कधी म्हणजे कधी मिळत नाही. टेप ढिली पडते, डोळा चुकतो, सुई थरथरते. मध्ये जी जागा उरते तिला पुस्तकात भारदस्त नाव आहे. बाई तिला फट म्हणत. ती सगळ्या खुणांमध्ये थोडी थोडी वाटून टाकायची आणि टोकं जुळवून नकाशा मिटवायचा, अशी पद्धत. "चूक कुणा एकाच्या गळ्यात घालायची नाही," बाई सांगत, "आणि लपवायची तर मुळीच नाही."

पुण्यात आता विद्यापीठं गल्लोगल्ली झाली आहेत. त्यातल्या एकाच्या भूगोल विभागात बाई आणि मी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत होतो. मी मानवी भूगोल शिकवतो, म्हणजे बोलतो. बाई सर्वेक्षण शिकवत. "तुमचं बरं आहे, सर," त्या म्हणत. "लोकसंख्या वाढली म्हणून सांगायचं आणि घरी जायचं." यावर मला कधीच चांगलं उत्तर सुचलं नाही. सुचायचं ते घरी गेल्यावर.

आम्ही दोघंही तासिका तत्त्वावर होतो. हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही ते सुखी लोक आहेत. घेतलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीत काही नाही, एप्रिलमध्ये नेमणूक संपते, जूनमध्ये पुन्हा अर्ज आणि पुन्हा मुलाखत. वर्षभर ज्यांच्याबरोबर चहा प्यायलो तेच विभागप्रमुख टेबलापलीकडून विचारतात, "आपला अनुभव?" माझी बायको बँकेत आहे, त्यामुळे मला या सगळ्यावर विनोद करणं परवडत असे. बाईंना परवडत नसे. घरी थकलेले वडील, कॉलेजात जाऊ घातलेली मुलगी आणि नवऱ्याची नोकरी आज आहे तर उद्या नाही अशी. आमच्या विभागात बरीच वर्षं न भरलेली एक कायम जागा होती. ती आज ना उद्या निघेल, या आशेवर बाईंनी दुसरीकडे कुठे पाहिलंच नव्हतं.

एकदा डबा खाताना त्या सरळ म्हणाल्या, "सर, मला ती जागा हवी आहे. उगाच मिळाली तर बरं, नाही मिळाली तर नाही, असं नाही. हवी आहे. जूनमध्ये स्वतःची ओळख करून द्यायचा मला कंटाळा आलाय."

आपल्याला काही हवं आहे, हे आमच्या शहरात सहसा कुणी उघड कबूल करत नाही. मी डब्यातली भेंडी चिवडत राहिलो.

बाई कसबा पेठेतल्या. वडील तांबट. हात चालत होते तोवर त्यांनी बंब आणि घंगाळं ठोकली, आता ओट्यावर बसून जाणाऱ्यायेणाऱ्यांना ठोकत. बाकीच्या विद्यापीठांत सर्वेक्षणाला मुलांना मोकळ्या मैदानावर नेतात. बाई आपल्या वर्गाला दरवर्षी कसब्यात नेत, स्वतःच्याच गल्लीत. माणसं, सायकली, टेम्पो, मधोमध बसलेली गाय, आणि त्यातून टेप ताणून चालणारी पोरं. एकदा मीही हौसेने गेलो होतो. अर्ध्या तासात मला मैदानाचं महत्त्व कळलं.

टेप जमिनीवर पडली की गल्लीत कुजबुज सुरू होई. खिडक्या उघडत. त्या भागात कुणी मोजायला आलं म्हणजे काय, हे लोकांना अनुभवाने माहीत आहे. एक आजोबा बनियनवरच खाली आले.

"अहो, कुणाची घरं जाणार आता? रस्ता रुंद करताय ना?"

"घरं कुणाचीच जाणार नाहीत, काका," बाई म्हणाल्या. "मार्क जाणार आहेत, ते यांचे."

आजोबांचा विश्वास बसला नाही. ते शेवटपर्यंत टेपच्या बाजूने चालत राहिले आणि आपल्या घरासमोर आकडा काय आला तो दोनदा विचारून घेतला. ओट्यावरून वडिलांनी हाक मारली, "काय गं, तुझी गल्ली अजून मोजून झाली नाही?"

"झाली, अण्णा. पण दरवर्षी वेगळी भरते."

त्या गल्लीच्या कोपऱ्यावर लोखंडी सामानाचं एक दुकान आहे. तवे, कढया, पहारी, साखळ्या, सगळं पार रस्त्यापर्यंत मांडलेलं. चौथी खूण बाई बरोबर त्या दुकानासमोर घेत. लोखंड जवळ आलं की होकायंत्राची सुई भरकटते, हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि मुलं ती ओळ वाचून विसरतात. बाई आधी कुणाला काही सांगत नसत. चौथ्या खुणेवर हमखास कुणीतरी ओरडे, "मॅम, कंपास खराब झालाय!"

"कंपास ठणठणीत आहे. तो सांगतोय ते आधी लिहा. तसं का सांगतोय ते मग शोधा."

मुलं कारण शोधत, पुढची-मागची मापं ताडून दुरुस्ती करत, तरीही फट मोठीच येई. ती यावी म्हणूनच बाई तिथं नेत. जिथं चूक होणारच आहे अशा जागी विद्यार्थ्याला मुद्दाम नेणारी शिक्षिका मी दुसरी पाहिली नाही. मी एकदा म्हणालोही, "मॅडम, पोरांचा छळ करता तुम्ही." त्यावर म्हणाल्या, "पुढे जग करणारच आहे. सवय हवी."

एका मुलाने विचारलं होतं, "मॅम, फोनमध्ये सगळा मॅप असतो, मग हे कशाला?" बाई शांतपणे म्हणाल्या, "खरंय. फोनलाच ॲडमिशन द्यायला हवं होतं. तुम्ही कशाला आलात?" तो मुलगा पुढे उपग्रहांच्या छायाचित्रांवर काम करणाऱ्या कंपनीत लागला आणि पेढे द्यायला पहिल्यांदा बाईंकडे आला. बाईंनी पेढा घेतला आणि फोनचं काय झालं म्हणून चौकशी केली.

आणि मग एका हिवाळ्यात ती जागा निघाली.

जाहिरात आली त्या दिवशी दुपारचा चहा बाईंनी सगळ्यांना पाजला, शिपायांसकट. त्यांचा अर्ज सगळ्यांत आधी गेला असणार. पुढचे काही आठवडे त्या घाईत असत. जुने शोधनिबंध जमवत, प्रमाणपत्रांच्या प्रती काढत, आणि स्टाफरूममध्ये कुणी नसताना मला समोर बसवून मुलाखतीची तयारी करत. मी प्रश्न विचारायचा आणि त्यांनी उत्तर द्यायचं. "जरा खडूस विचारा हो, सर. तुम्ही फार प्रेमाने विचारता," अशी तक्रार असे. मुलीने त्यांच्यासाठी एक साडी निवडून ठेवली होती, तीही मला फोटोत दाखवून झाली. बाईंना इतकं खूश मी आधी पाहिलं नव्हतं आणि मला मनापासून वाटत होतं की या वेळी होऊन जाऊ दे.

मुलाखतींच्या आधी प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रात्यक्षिकाला बाहेरचे एक परीक्षक येतात आणि आतल्या शिक्षकाबरोबर बसून मार्क ठरवतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी विभागप्रमुखांनी बाईंना बोलावलं. मीही तिथंच होतो.

"यंदाचे एक्स्टर्नल निवड समितीवरही असणार, असं ऐकतोय," ते म्हणाले. "जरा सांभाळून घ्या."

"मी गोडच बोलते, सर."

"तेच म्हणतोय. बोलूच नका."

परीक्षक माणूस वाईट नव्हता. नीटनेटका, मऊ आवाजाचा, सतरा ठिकाणच्या परीक्षा अंगावर घेतलेला. सकाळपासून शीटमागून शीट बघून त्यांना भूक लागली होती. जर्नलवर शिक्के मारायला मी त्याच खोलीत बसलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं समोर घडलं.

एका गटाचं शीट त्यांनी उचललं. चार मुलांचं काम. स्वच्छ, सुबक, रेघ रेघेला मिळालेली. फट नावालाही नाही. परीक्षकांनी ते लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात काम." मार्क भरघोस.

त्याच्या खालचं शीट चंद्रपूरकडच्या एका मुलीचं होतं. वसतिगृहात राहणारी, अबोल पोरगी. तिच्या गटातल्या दोघी आजारी पडल्यामुळे तिने बरंचसं काम एका मैत्रिणीला घेऊन केलं होतं. खोडून खोडून कागद मळलेला. आणि शेवटची रेघ पहिल्या बिंदूपासून चांगली बोटभर लांब. ती फट तिने कशी वाटून टाकली, ते बाजूला ठिपक्यांनी दाखवलेलं होतं.

"हे काय आहे?" परीक्षकांनी विचारलं. "नकाशा मिटतच नाही."

"सर, तीनदा मोजलं ना जी," मुलगी म्हणाली. "नाही जुळून राहिलं."

"मग चौथ्यांदा मोजायचं. पोस्ट ग्रॅज्युएशनला हे चालत नाही." त्यांनी पेन्सिलीने मार्क मांडले. ते पास होण्यापुरतेही नव्हते. मुलीचा चेहरा उतरला. एक वर्ष वाया गेलं म्हणजे वसतिगृहाची खोली जाणार, आणि खोली गेली की घरचे परत बोलावणार, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं.

बाई शेजारीच बसल्या होत्या. पेन हातात होतं. खाली सही करायची आणि जेवायला उठायचं, एवढंच उरलं होतं. दारात विभागप्रमुख उभे होते, ते खोकले. मी शिक्का हवेत धरून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, बाई, आज नको. आजचा दिवस नको.

"सर," बाई म्हणाल्या, "चौथ्या खुणेसमोर लोखंडी सामानाचं दुकान आहे. तिथं सुई कुणाचीही असो, भरकटते. हिची भरकटली. ते हिने लिहिलंय, दुरुस्ती केलीय, आणि तरी उरलेली फट लपवलेली नाही. वरच्या शीटमधली सुई भरकटलेलीच नाही. म्हणजे ती त्या गल्लीत गेलेलीच नाही."

त्या चार मुलांपैकी एकाला एकदम तहान लागली आणि तो पाणी प्यायला बाहेर गेला. बाकीचे तिघे फरशी बघत होते. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

"मॅडम," ते मऊ आवाजात म्हणाले, "आपण तासिकेवर आहात ना?"

"हो, सर. पण मार्क कायमचे असतात."

परीक्षकांनी पेन्सिलीचे आकडे खोडले. मुलीला चांगले मार्क मिळाले. त्या चौघांना ते आता नापास करायला निघाले, तेव्हाही बाई मध्ये पडल्या. "नका, सर. सकाळी लवकर गल्ली मोकळी असते. उद्या मोजून आणतील. मी उभी राहते." परीक्षक म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. जेवणात मटकीची उसळ उत्तम झाली होती, पण तसं कुणी म्हणालं नाही.

संध्याकाळी जिन्यात मी बाईंना गाठलं. मला राग आला होता, त्यांचाच. "मॅडम, काय गरज होती? निकाल लागल्यावर पुनर्तपासणीला अर्ज करता आला असता. काहीतरी निघालं असतं."

"निघालं असतं," त्या म्हणाल्या. दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. "मी घाबरलेय हो, सर. आता घरी जाऊन सगळ्यांना काय सांगू?" एवढं बोलून त्यांनी पर्स खांद्यावर नीट केली आणि बस पकडायला गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चौघांना घेऊन गल्लीत उभ्या होत्या. त्यांचीही फट चांगलीच आली, असं नंतर कळलं.

मुलाखती दोन दिवस चालल्या. बाईंची दुसऱ्या दिवशी, शेवटच्या काही जणांत. मुलीने निवडलेली साडी नेसून आल्या होत्या. समितीत ते परीक्षक होतेच. त्यांनी अतिशय सभ्यपणे एकच प्रश्न विचारला, अलीकडच्या संशोधनाबद्दल. बाईंचं संशोधन होतं, पण अलीकडचं म्हणावं असं नव्हतं. तासिकेवर जगणाऱ्या माणसाला वेळ कुठून मिळणार, हे समितीने विचारलं नाही आणि बाईंनीही सांगितलं नाही.

जागा एका तरुणाला मिळाली. ड्रोन, उपग्रह, संगणकावरचे नकाशे यांत तयार, शोधनिबंध भरपूर. परीक्षेच्या दिवशी जे झालं त्यामुळेच बाईंची निवड हुकली, असं मला आजही म्हणावंसं वाटतं. पण मी म्हणणार नाही. तुम्ही त्याची कागदपत्रं पाहिली असती तर तुम्हीही त्यालाच घेतलं असतं. बाईंजवळ मी तो विषय काढला, तर म्हणाल्या, "पुरावा आहे का? नाही ना? मग चहा घ्या."

निकाल कळल्यावर त्यांनी उरलेले तास नेमाने घेतले. कुणी हळहळ व्यक्त केली की त्या घड्याळाकडे बघत. एकदाच, सगळे गेल्यावर, टेबलावर डोकं टेकून थोडा वेळ बसल्या होत्या. मी दारातूनच मागे फिरलो. एप्रिल संपला, त्यांची नेमणूक संपली, माझीही.

मे महिन्यात नवा प्राध्यापक रुजू झाला, तेव्हा मी थकलेल्या बिलासाठी विभागात खेटे घालत होतो. मनमिळाऊ मुलगा. दोन दिवसांतच त्याने मला बाजूला घेतलं. "सर, एक कन्फेशन आहे. सर्व्हेचं प्रॅक्टिकल माझ्याकडे आलंय आणि मी आयुष्यात धड कंपास हातात धरलेला नाही. आधीच्या मॅडमचा नंबर मिळेल का?"

मी नंबर देईपर्यंत बराच वेळ गेला. मला वाटलं होतं, बाई नाही म्हणतील. म्हणाल्या असत्या तर मला बरंच वाटलं असतं.

त्या आल्या. नेमणूक नाही, तास नाही, भर उन्हाळ्याची दुपार. विभागातली सगळी होकायंत्रं टेबलावर मांडून त्यांनी त्याला एकेकाची खोड सांगितली. याची सुई चिकटते, हलकेच टिचकी मारायची. याची काच सैल आहे. हे मुलांना देऊ नका, पडलेलं आहे. तो फोनमध्ये सगळं टिपून घेत होता. मग त्याला घेऊन त्या कसब्यात गेल्या. मीही गेलो, खुणेवर उभा करायचा खांब धरायला.

गल्ली उन्हात तापली होती. बाईंनी टेपचं एक टोक त्याच्याकडे दिलं, दुसरं स्वतः घेतलं. तो मन लावून शिकत होता. चुकला की हसायचा, पुन्हा करायचा. अशा मुलावर राग धरणं फार कठीण असतं, मी प्रयत्न करून पाहिला. बाईंचं शिकवणं तर त्या दिवशी बघण्यासारखं होतं. एका दुपारीत त्यांनी त्याला वर्षाचं काम दिलं.

एका सावलीला आम्ही थांबलो, तेव्हा तो घाम पुसत, अगदी सरळ मनाने म्हणाला, "मॅडम, तुम्हाला हे सगळं इतकं येतं. तुम्ही या पोस्टला अप्लाय का नाही केलंत?"

त्याची मुलाखत पहिल्या दिवशी झाली होती. त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

मी खांबाकडे बघायला लागलो. बाई टेप सरळ करत होत्या.

"केलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"तुमची निवड झाली. उभे राहा नीट, सावलीत आकडे दिसणार नाहीत. हं, वाचा. किती अंश?"

त्याने होकायंत्र डोळ्याला लावलं. आकडा सांगितला, तो इतका हळू की बाईंनी त्याला पुन्हा सांगायला लावला, आणि लिहून घेतला.

जूनमध्ये बाईंनी अर्ज केला नाही.